शिडाला लागलेली हळद

मंडळी, दुपारपासून हे कुणाला तरी सांगायचंय.

जुन्या काळच्या लढाऊ जहाजाचं किट आणून मी कित्येक महिने ते जोडत होतो. आज शेवटचं शीड बांधलं आणि अंघोळीला गेलो.

परत येतो तर जहाजाच्या नाकावर हळदकुंकू, पांढऱ्या शिडावर आईच्या बोटाचा पिवळा ठसा, आणि मागे टांगलेल्या लिंबू-मिरचीच्या वजनाने जहाज एका बाजूला कललेलं!

"आई, अगं हे शोभेचं आहे!" मी ओरडलोच.

"नवी गाडी दारात आली की पूजा करतोच ना आपन? ह्याला तर लई लांब जायचं हाय."

मग हळूच म्हणाली, "ह्यात आपला संदीप झोपतो कुठं रं?"

संदीप माझा धाकटा भाऊ, नौदलात आहे. त्याचं जहाज लोखंडी असतं, त्याला शिडं नसतात, हे सांगायचं मी सोडून दिलं. तोफेच्या एका चिमुकल्या खिडकीवर बोट ठेवलं. "इथं."

आई वाकली आणि एक डोळा मिटून आत बघत राहिली. पंख्याच्या वाऱ्याने शिडं हलत होती. केडगावातल्या आमच्या खोलीत, मलाही क्षणभर पायाखाली पाणी असल्यासारखं वाटलं.

लिंबू-मिरची मी काढली. हळद राहू दिली.

तुमच्या घरचं कुणी असं लांब असेल, तर तुम्ही त्याला कुठे बघता?

आई अजून तिथंच बसलीय. आत्ताच म्हणाली, "पंखा जरा बारीक कर. जाग यील त्याला."