स्टार्टरच्या पेटीचं झाकण

"बघितल्याबिगर खरं न्हाई," असं म्हणत मावशी समोर दिसेल त्याचं झाकण उघडायच्या. आमचे डबे, माठ, एकदा तर माझ्या मोटारसायकलची टाकीसुद्धा. "पेट्रोल हाय म्हनतोस, बघू." अशी घरमालकीण तुम्हीही पाहिली असेल, पण तुमच्या मालकिणीने वाफ न गेलेल्या कुकरला हात घातला नसेल.

मारुंजीत त्यांच्या खोल्यांत आम्ही भाड्याने राहत होतो. मी लातूरकडून हिंजवडीत नोकरीला आलेला, नुकतंच लग्न झालेला इंजिनियर. मावशींना संशय दूधवाल्यावर होता, विजेच्या मीटरवर होता, आणि माझ्या पगाराच्या आकड्यावरही होता. पण सगळ्यात मोठा संशय दिरावर. भिंतीला भिंत लागून घर, विहीर सामाईक, मोटारी वेगळ्या. मावशी त्यांना 'भावजी' कधी म्हणत नसत. 'पलीकडचा' म्हणत.

"दुपारी मी टाकी भराया मोटर लावते. चारला बघावं तर बंद! कोन बंद करतंय? पलीकडचाच. माझं पानी खुपतंय त्याच्या डोळ्यात."

"तुम्ही दुपारी झोपता ना, मावशी?"

"मी कुटं झोपते? नुसते डोळे मिटते."

त्यांनी ठरवलं होतं. एकदा तो रंगेहाथ सापडला की पौडला जाऊन तहसीलात अर्ज द्यायचा आणि विहिरीकडे येणारी त्याची वाट भिंत घालून बंद करायची. त्याला दुसरी वाट नव्हती. "पुरावा दे मला, इंजनेर. एवढा शिकलास ना?"

मी त्याच दिवसांत एक बोर्ड घेतला होता. तळहाताएवढा, निळा, वर मायक्रोकंट्रोलरची चिप. वायरी नुसत्या भोकांत खोचायच्या, कॉम्प्युटरवरून चार ओळी पाठवायच्या, की वस्तू कामाला लागते. पटलं नाही तर ओळी बदला. ऑफिसात एका बदलाला मंजुरी मिळेपर्यंत ऋतू पालटायचा, इथे चहा निवायच्या आत बदल होत होता. मी अगदी हवेत होतो. बायको म्हणायची, "आपल्या लग्नापेक्षा त्या बोर्डाचे फोटो जास्त आहेत."

मोटारीच्या स्टार्टरची पेटी मागच्या भिंतीवर होती. तिच्या झाकणाला मी लोहचुंबक चिकटवलं, ते दूर गेल्याचं ओळखणारा छोटा स्विच पेटीला लावला, त्याची वायर मावशींच्या स्वयंपाकघरात आणली आणि बोर्ड मिठाच्या बरणीशेजारी ठेवला. झाकण उघडलं की बझर वाजणार. मावशींना आता बोर्डाचाच संशय आला.

"ह्यो दिवा मला डोळा का मारतोय?"

"चालू आहे म्हणून."

"आन् वायरी नुसत्या खोचल्यात? पक्कं न्हाई केलं?"

"बदलता यावं म्हणून, मावशी."

पहिल्याच दिवशी बझर वाजला. मी धावत गेलो, तर पेटी उघडून मावशीच उभ्या. वाजतंय का ते बघत होत्या. "म्हंजी पयला चोर मीच व्हय!" मग मी एक बटण जोडलं: मोटार लावून आत आल्यावर ते दाबायचं, तेव्हापासून पहारा सुरू. दुसऱ्या दिवशी वाऱ्याने झाकण खडखडलं, तरी बझर वाजला. पुन्हा ओळी बदलल्या. मावशी वैतागल्या. "सकाळी एक बोलतंय, च्या झाला की दुसरंच. ह्याच्यापरीस पलीकडचा बरा, त्यो येकच खोटं बोलतो."

शनिवारी मी घरीच होतो. दुपारी बझर वाजला. मिटलेले डोळे उघडून मावशी तरातरा निघाल्या, मागे मी.

पेटी उघडी होती. बनियनवर दीर उभे, बोट लाल बटणावर. आणि वरच्या टाकीतून पाणी मागच्या भिंतीवरून त्यांच्या अंगणात कोसळत होतं. तिथे वाळत घातलेल्या मिरच्या पार भिजल्या होत्या.

"वैनी, टाकी कवाच भरली. रोजच वाहतीया. हीर आटली तर मोटर जळंल तुमची, म्हनून बंद करतुया."

चारपर्यंत उन्हाने सगळं वाळून जायचं. मावशींना दिसणार काय? त्यांनी वाकून मिरच्यांना हात लावून बघितला.

"मग हाक मारायची व्हती."

"तुमी झोपलेल्या असता."

"मी झोपत न्हाई!"

"व्हय, व्हय. डोळे मिटता."

मावशींनी पदराने हात पुसला आणि म्हणाल्या, "भावजी, आत या. च्या टाकते."

पौडचा अर्ज तिथेच राहिला. मला मात्र चैन कुठलं! संध्याकाळी मी उत्साहाने गेलो. "मावशी, टाकीत एक तरंगता गोळा सोडतो, आणखी दोन ओळी लिहितो. टाकी भरली की मोटार आपोआप बंद!"

त्यांनी लुकलुकणाऱ्या दिव्याकडे बराच वेळ संशयाने पाहिलं.

"नको."

"अहो, का?"

"मग त्यो कशाला येईल?"

बोर्ड मी काढून आणला. दुपारी मोटार चालू राही, मावशी डोळे मिटत, आणि कुणीतरी येऊन ती बंद करी. मिरच्या मात्र आता पुढच्या अंगणात वाळत.

मध्यंतरी मारुंजीला गेलो होतो. मावशी आता नाहीत. खोल्यांच्या जागी इमारत आहे, विहीर तेवढी आहे. माझ्या त्या दोन ओळी कुणीतरी लिहिल्या असाव्यात. मोटार आपोआप बंद होते. भर दुपारी दीर काठी टेकत आले आणि पेटीचं झाकण उघडून आत बघत राहिले.

"तात्या, आता ती आपोआप बंद होते," मी म्हणालो.

"म्हनं आपोआप," ते माझ्याकडे न बघताच म्हणाले.

मोटारीचा आवाज थांबेपर्यंत ते हलले नाहीत. मग घरात कुणी डोळे मिटून पडलं असावं, अशा हलक्या हाताने त्यांनी झाकण लावलं.