चावीसाठी दिलेली सही

नाक्यावरच्या चावीवाल्याचा एक नियम होता आणि तीस वर्षांत तो त्यानं सख्ख्या मेव्हण्यासाठीही मोडला नव्हता. चावी हातात द्यायची, तर आधी वहीत सही. कुरकुर करणाऱ्याला तो सरळ वाटेला लावायचा. माणूस सरळ, पण आडमुठा.

त्याच्या स्वतःच्या घराची चावी मात्र बिल्डर काही केल्या देत नव्हता. करारातली तारीख उलटून चार वर्षं झाली होती. शेवटी बायकोनं डोकं खाल्लं तेव्हा कुठे त्यानं तक्रार दाखल केली.

वकीलबाईंनी बजावलं होतं, "काका, कायदा आपल्या बाजूनं आहे. फक्त घर अर्धवट असताना ताबा मिळाला म्हणून लिहून देऊ नका. मग मला तोंड उघडायला जागा राहणार नाही."

"छे हो! मी काय कुकुलं बाळ आहे?"

सुनावणीला चार दिवस उरले आणि बिल्डरचा माणूस दुकानात उगवला. चार वर्षं फोन न उचलणारे असे पायी चालत आले, की खरं तर संशय यायला हवा. आमच्या चावीवाल्याला हसू फुटलं.

"काका, सातवा मजला, दोन नंबर." त्यानं नवीकोरी चावी काउंटरवर ठेवली आणि कागद पुढे सरकवला. "चावी दिल्याची सही तेवढी करा."

चावी दिली की सही. त्यात विचारायचं काय? चष्मा शोधायचे कष्टही न घेता त्यानं सही ठोकली. माणूस कागद खिशात घालून, चहाला नको म्हणत, झपाझप निघून गेला.

मग त्यानं सवयीनं चावीच्या दातांवरून अंगठा फिरवला. कड अजून बोचत होती. एक ओरखडा नव्हता. ही चावी कुठल्याही कुलपात कधी फिरलीच नव्हती.

दुकान तसंच टाकून तो इमारतीकडे धावला. कठडा नसलेल्या जिन्यानं, भिंत धरून, सात मजले चढला. दोन नंबरला दार नव्हतं. चौकटही नव्हती. आत पलीकडची भिंतच नसल्यानं थेट खालचा रस्ता दिसत होता.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"अहो, बिल्डरच्या ऑफिसातून फोन होता. ताबा घेतल्याबद्दल अभिनंदन म्हणाले!"

ताबा. न वाचलेला कागद त्याला आता आठवला.

"ऐकताय ना? ही खोली सोडतोय म्हणून मी घरमालकांना कळवूनसुद्धा टाकलं. त्यांचे नवे भाडेकरू तयारच होते, उद्याच राहायला येतायत. सामान बांधायला घेऊ ना?"