पुढच्या सीटवर गिरजा

चिंचोडीत पहिली मोटार आली ती बैलांनी ओढत आणली. पुढे झिंगूचे दोन पांढरे बैल, मागे नाड्यांनी जखडलेली मोटार, आणि मोटारीत चाक धरून ताठ बसलेला उमाजी ढिवर. बैल ओढत होते तरी वळण आलं की तो चाक फिरवायचा आणि रबरी भोंगा दाबायचा. भोंगा फाटलेला होता, त्यातून नुसती हवा निघायची. पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "झिंगू, बैल मोठे दमाचे हायेत बावा. पेट्रोल किती पेतेत?" सगळा पार हसला. उमाजीही हसला. त्या दिवशी त्याला कोणाचाच राग येणार नव्हता.

राग आला तो गिरजेला, त्याच्या बायकोला. ती तळ्यावरून टोपलं घेऊन आली तेव्हा अंगणात जाळी वाळत घालायची जागा त्या धुडानं अडवलेली. एक दिवा फुटलेला, टपाचं कापड उंदरांनी खाल्लेलं, आणि मागच्या गादीत कोंबडी अंडी घालून गेलेली. मोटार कोणत्या कंपनीची, ते सांगणारी अक्षरं इंजिनापुढच्या लोखंडी जाळीवरून कधीच गळून पडली होती.

"जाळी कुठी वाळवू जी आता?" गिरजा म्हणाली.

"तिच्यावरच टाक ना," उमाजी म्हणाला. "मोठी हाये."

गिरजेनं खरंच टाकली. पुढे कित्येक महिने ती मोटार ओल्या जाळ्यांखाली, मासळीच्या वासात, अंगणात उभी राहिली.

उमाजीला मोटारीचं वेड लागलं ते लढाईच्या काळात. तरणाताठा असताना तो मूलजवळच्या एका सागवानाच्या ठेकेदाराकडे मजुरीला लागला. शेठची हीच मोटार तेव्हा पेट्रोलअभावी कोळशाच्या गॅसवर चालायची. मागे भट्टी लावलेली, आणि ती पेटवायला एक माणूस. तो माणूस म्हणजे उमाजी. धुरानं डोळे लाल व्हायचे, पण मोटार जंगलाच्या वाटेला लागली की तो मागच्या पायटीवर, पाय ठेवायच्या फळीवर, उभा राहून झाडं मागे पळताना बघायचा. पुढे ड्रायव्हर तापानं अंथरुणाला खिळला आणि शेठनं चाक उमाजीच्या हातात दिलं. पहिल्याच दिवशी त्यानं मोटार बांबूच्या बेटात घातली. शेठ खाली उतरला, अंगावरची पानं झटकली आणि म्हणाला, "चाल, आता मागे घे." असा शेठ. लढाई संपली, पेट्रोल मिळू लागलं, शेठनं नवी गाडी घेतली आणि ही जुनी लाकडाच्या डेपोमागच्या मोहाच्या झाडाखाली टाकून दिली. काही वर्षांनी शेठ बिऱ्हाड उचलून दूर निघाला, तेव्हा सामान चढवायला गेलेल्या उमाजीची नजर पुन्हा पुन्हा मोहाकडे जाताना त्यानं पाहिली.

"नेतोस का रे तिले?" शेठनं विचारलं. इतकी वर्षं इकडे काढून त्याची बोली इथलीच झाली होती.

उमाजीनं मान डोलावली आणि झिंगूच्या बैलांसाठी गावाकडे धावत सुटला.

तेव्हापासून तळ्यातलं जाळं ओढून झालं की उमाजी मोटारीखाली. चांद्याला लच्छू नावाचा एक तेलुगू मिस्त्री होता. जुन्या मोडक्या गाड्यांचे भाग तो चिंध्यांत गुंडाळून जपायचा. उमाजी त्याच्याकडे वाळलेल्या झिंग्यांची पुरचुंडी घेऊन जायचा आणि येताना काही ना काही घेऊन यायचा. जे लच्छूकडे मिळेना ते उमाजी मनानं करायचा. टपाला तंबूचं जुनं कापड शिवलं, भोंग्याला रबराचं ठिगळ लावलं. गादीत सावरीचा कापूस भरला. तो मात्र गिरजेनं भरला, तोंडानं शिव्या देत. "कापूस असा कोंबला त एका मयन्यात गोळे व्हतीन," असं म्हणून तिनं त्याच्या हातातून दाभण हिसकून घेतलं, आणि मग पूर्ण शिवूनच उठली.

एका सकाळी उमाजीनं हँडल मारलं आणि मोटार खोकली. पुन्हा मारलं, पुन्हा खोकली. मग एकदम अख्खं अंगण हादरायला लागलं. शेजारची कुत्री पळाली, वाळत घातलेली जाळी टपावरून घसरून खाली आली, आणि उमाजी हँडल हातात घेऊन उभाच राहिला. गिरजा चुलीपासून उठून दारात आली. तिनं कपाळाला हात लावला, पण ती हसत होती, हे उमाजीनं पाहिलं.

गावाचा डोळा मात्र मोटारीवर बसला तो पिल्लांच्या वर्षी.

ढिवरांची, म्हणजे मासेमारांची, नवी सोसायटी झाली होती आणि तळ्यात सोडायला रोहू-कतला माशांची पिल्लं कलकत्त्याकडून रेल्वेनं यायची. ती मूलच्या टेसनावर उतरायची, मडक्यांत, पाण्यासकट. आदल्या वर्षी ती बैलगाडीनं आणली, तर गावात पोचेस्तोवर मडक्यांत पांढरी पोटं वर आली. सांडलेल्या पाण्यासारखी ती पिल्लं तळ्याच्या काठावर ओतताना बायका रडल्या होत्या. म्हणून यंदा चैतू आणि सुकलू, सोसायटीतले दोघे, उमाजीच्या अंगणात आले. हाच चैतू एरवी मोटारीला 'उमाजीची म्हैस' म्हणायचा.

"भाऊ, म्हैस चालन का मूलपावत?" तो खालमानेनं म्हणाला.

"चालन," उमाजी म्हणाला. आत धाकधूक होती, पण चाक धरायची संधी तो सोडणार होता थोडाच.

भादव्याचं ऊन होतं, रस्ता अर्धा चिखल आणि अर्धा दगड. जाताना सगळं झकास झालं. येताना मागच्या गादीवर, पायांशी, सगळीकडे मडकी, आणि त्यांच्यामध्ये चैतू-सुकलू अंग चोरून बसलेले. रस्ता इतका खराब, की मोटार डुचमळायची आणि मडक्यांतलं पाणी आपोआप हलायचं. हललेलं पाणी म्हणजे पिल्लांचा श्वास. सुकलू म्हणाला, "रस्त्याचे खड्डे पयल्यांदा कामी आले पाय!"

तेवढ्यात पुढून फटकन आवाज आला. इंजिनाच्या पंख्याचा पट्टा तुटला होता.

पट्ट्याशिवाय पंखा फिरेना आणि इंजिन तापू लागलं. झाकणातून वाफ सुटली. मोटार थांबली तसं मडक्यांतलं पाणीही थांबलं. चैतू आणि सुकलूनं मडक्यांत हात घातले आणि पाणी ढवळायला सुरुवात केली. उमाजीनं कमरेला खोचलेली जाळ्याची दोरी काढली, तिपदरी वळली, पट्ट्याच्या जागी ताणून बांधली. मोटार थोडी गेली आणि दोरी जळाली. पुन्हा वळली, पुन्हा जळाली. मग दोरीही संपली.

"आता काय, भाऊ?" चैतूचा आवाज रडवेला झाला होता.

उमाजीनं बॉनेटवर हात ठेवून पाहिला, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. "तिले पाणी पाजत पाजत नेऊ," तो म्हणाला. "तुमी ढवळणं सोडू नोका."

मग त्यांचा तो प्रवास सुरू झाला. मोटार थोडी चालायची, तापायची, थांबायची. उमाजी डबा घेऊन रस्त्याकडेच्या बोडीकडे, लहानशा तळ्याकडे, धावायचा, पाणी आणायचा, आधी थोडी निवू द्यायचा आणि मग हळूहळू पाजायचा. मागे दोघं ढवळत बसलेले. उतारावर तो इंजिन बंद करायचा आणि मोटार नुसती घरंगळत जायची, आवाज न करता, फक्त मडक्यांचा खळखळाट. एका लांब उतारावर सागाच्या पानांचा वारा तोंडावर आला आणि एवढ्या काळजीतही उमाजीच्या मनात आलं, की यापेक्षा सुखाचं काही असेल असं वाटत नाही. पण तसं बोलून दाखवायची ती वेळ नव्हती.

शेवटी ते पोचले तेव्हा तळ्यावर सगळा ढिवरवाडा जमला होता. काही मडक्यांतली पिल्लं गेली होती, पण बाकीची सोडताच पाण्यात चांदीचा चुरा उधळावा तशी पांगली. चैतू गुडघाभर पाण्यात उभा राहून ओरडला, "म्हैस नोका म्हणू रे आता कोणी तिले!"

त्यानंतर मोटार उमाजीची राहिलीच नाही. ती गावाची झाली. पोंभुर्ण्याच्या बाजाराला जायचं, उमाजीभाऊ आहेच. नवरदेव आणायचा, उमाजीभाऊ. कोणाची सासू रुसून बसली, तिला समजवायला माणसं न्यायची, उमाजीभाऊ. मोटारीत माणसं कोंबलेली, पायटीवर उभी, मागे बांधलेली धानाची पोती, एकदा तर मांडीवर बकरी. उमाजी कोणाला नाही म्हणत नसे. त्याला चाक धरायला आवडायचं. पण ज्यासाठी त्यानं ती मोटार आणली होती, ते काही होत नव्हतं. मागे कोणी भांडतंय, कोणी ओकतंय, कोणी म्हणतंय 'भाऊ, जरा दामटा'. इंजिनाचा सूर त्याला ऐकूच यायचा नाही.

आणि गिरजा? गिरजा आजवर त्या मोटारीत बसलीच नव्हती. दरवेळी कोणीतरी बाळंतीण असायची, कोणी म्हातारं असायचं. गिरजा म्हणायची, "जाऊ द्या, त्याइची गरज हाये." आणि टोपलं डोक्यावर घेऊन बाजाराला पायी निघायची. धुरळा उडवत मोटार तिच्या शेजारून जायची, उमाजी भोंगा वाजवायचा, आणि ती न बघता हात हलवायची. ते त्याला खुपायचं.

राज्यं बदलली, चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला, रस्त्यावर मुरूम पडला. आणि एके दिवशी चिंचोडीच्या फाट्यावर सरकारी बस येऊन उभी राहिली. नवीकोरी, काचेच्या खिडक्यांची, कंडक्टरची शिट्टी असलेली. सगळं गाव बघायला गेलं. पहिल्या बाजाराच्या दिवशी उमाजी सवयीनं मोटार काढून तयार राहिला आणि अंगणात कोणीच आलं नाही.

संध्याकाळी चैतू आला. मौतीला आल्यासारखा खाली बसला. मग म्हणाला, "भाऊ, वाईट नोको वाटून घेऊ. बसमंदी लोकाइले सोपं जाते."

"काऊन वाईट वाटन?" उमाजी म्हणाला.

"नाई, तुही मोटार..." चैतू म्हणाला.

उमाजीनं त्याच्याकडे पाहिलं आणि तो हसायलाच लागला. चैतूला वाटलं, भाऊचं डोकं फिरलं. त्यानं गिरजेकडे पाहिलं. गिरजेलाही काही कळेना.

"अरे, सुटलो मी!" उमाजी म्हणाला. "आता मोटार मोकळी झाली. गिरजे, उद्या जाऊ."

"कुठी?"

"कुठीच नाई. नुसतं जाऊ."

"नुसतं? कोणाचं काम नाई, धंदा नाई, अन् पेट्रोल जाळाचं?" गिरजा म्हणाली. पण सकाळी उमाजी उठला तेव्हा भाकरी बांधून तयार होत्या, आणि तिनं लग्नाकार्यातलं लुगडं नेसलं होतं.

ती सवयीनं मागे बसायला गेली. उमाजीनं पुढचं दार उघडून धरलं. ते दार तारेनं बांधलेलं असायचं, म्हणून आधी तार सोडावी लागली. गिरजा बसली, दोन्ही हातांनी गादीची कड घट्ट धरली आणि म्हणाली, "कापसाचे गोळे झाले पाय. मी म्हणलं व्हतं."

मोहफुलांचे दिवस होते. सागाची पानं झडलेली, त्यामुळे जंगल आरपार दिसत होतं, आणि पळसानं मध्येमध्ये पेट घेतलेला. उमाजीनं मोटार नदीकडच्या गाडीवाटेला वळवली. आज त्याला इंजिन ऐकू येत होतं. चढावर त्याचा आवाज जाड व्हायचा, माथ्यावर हलका. चाक तळहातात बारीक थरथरत होतं. मोहाखाली फुलं वेचणाऱ्या बायका मान वर करून बघायच्या, गिरजा त्यांच्याकडे बघून गंभीर चेहरा करायची आणि पुढे गेल्यावर तोंडाला पदर लावून हसायची. हळूहळू तिनं गादीची कड सोडली. मग एक हात बाहेर काढला आणि वाऱ्यात तसाच धरून ठेवला.

"असं असते का जी हे?" ती म्हणाली.

"असं असते."

"मंग इतके दिवस काऊन नाई सांगितलं?"

सांगून कळणारी गोष्ट असती तर उमाजीनं कधीच सांगितली असती.

नदीकाठी एक जुना लाकडाचा डेपो होता. लाकडं उचलून नेलेली, मोठं सपाट मैदान उरलेलं. उमाजीनं मोटार तिथं थांबवली, बॉनेट उघडलं, पाणी पाजलं. दोघांनी भाकरी खाल्ली. मग गिरजा उठली आणि चाकाच्या बाजूला जाऊन बसली.

"शिकवा," ती म्हणाली.

"अवं, ते..."

"काऊन? बेट नाई इथी बांबूचं."

उमाजी निमूट शेजारी बसला. त्यानं दाखवलं: हे दाबायचं, हे सोडायचं, हळू. पहिल्यांदा मोटार उडी मारून बंद पडली. दुसऱ्यांदाही. त्यानं पुन्हा खाली उतरून हँडल मारलं. तिसऱ्या खेपेला ती चालू लागली, माणसानं चालावं तशी सावकाश, आणि गिरजेनं अंग पुढे झुकवून, दात ओठात रोवून चाक धरलं. मैदानाला तिनं एक फेरा घातला, मग दुसरा. उमाजी सांगत होता, इकडे घे, तिकडे घे, दगड आहे.

"चुप बसा ना जी जरासे," गिरजा म्हणाली. "मले ऐकू द्या तिचा आवाज."

उमाजी गप्प बसला. आयुष्यात पहिल्यांदाच तो त्या मोटारीत चाकाशिवाय, पुढच्या सीटवर, हात मोकळे सोडून बसला होता. उघड्या मैदानावरून वारा येत होता. त्यानं पाय लांब केले, सावरीच्या गोळ्यांमध्ये पाठ नीट बसवली आणि नदीकडे बघत राहिला. गिरजेनं तिसरा फेरा घालायला चाक वळवलं.