लग्नातली पांढरी साडी

"हे लग्नाचे फोटो आहेत? अगं, मला वाटलं कुणाच्या तेराव्याचे."

मॅडम हसल्या. शेजारच्या टेबलावरची त्यांची असिस्टंटही हसली. दुबईच्या करामा भागातलं त्यांचं ऑफिस, परदेशी जाणाऱ्यांचे कागद करून देणारं. माझा अल्बम समोर उघडा. फोटोत मी, पांढऱ्या साडीत. शेजारी मिलिंद, पांढऱ्या सदऱ्यात. मागे टेबलावर बुद्धाची मूर्ती, आणि निळ्या कोटातल्या आमच्या बापाचा फोटो.

मला हसू आलं नाही. पण तोंड वाकडंही करता आलं नाही. काम त्यांच्या हातात होतं.

मी शारजात एका दवाखान्यात नर्स. नवरा, मिलिंद, कॅनडात. लग्नानंतर जेमतेम महिनाभर एकत्र राहिलो, मग तो तिकडे आणि मी इकडे. त्याला तिथली पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी मिळाली, तशी त्याने बायको म्हणून माझ्याही पीआरचा अर्ज केला. अबुधाबीला कॅनडाच्या वकिलातीत मुलाखत लागली. लग्न खरं आहे हे तिथल्या ऑफिसरला पटायला हवं. नाही पटलं तर अर्ज गेला, आणि संसार राहिला फोनवरच.

मॅडम पुण्याच्या. आपलं माणूस म्हणून मुद्दाम त्यांच्याकडे गेले होते. आपलं माणूस!

"ऑफिसरला इंडियन वेडिंग म्हणजे लाल साडी, अग्नी, सप्तपदी, एवढंच माहीत असतं," त्या म्हणाल्या. "हे बघून फेक म्हणेल. मीना बाजारात आपला एक स्टुडिओ आहे. शालू, मुंडावळ्या, सगळं भाड्याने मिळतं. हजबंडचा फोटो कॉम्प्युटरवर जोडतील. आणि हा..." त्यांनी निळ्या कोटावर बोट ठेवलं. "हा तर अजिबात नको. उगाच पॉलिटिकल वाटतं."

"पण मॅडम, लग्न असंच झालंय."

"तुम्हा लोकांचं हेच असतं. तुला पीआर हवीय की वाद हवाय?"

तुम्हा लोकांचं. हे मी हिंगोलीच्या शाळेत ऐकलं. नर्सिंगच्या होस्टेलला ऐकलं. समुद्र ओलांडून आले, तर ते माझ्या आधीच इथे येऊन बसलेलं.

त्यांच्या मागच्या भिंतीवर कॅनडाला पोचलेल्या जोडप्यांचे फोटो होते. मधोमध वसईची एक ख्रिश्चन नवरी, पांढऱ्या गाऊनमध्ये. सुंदर दिसत होती. तिला बघून कुणाला तेरावा आठवला नव्हता. म्हणजे पांढऱ्या रंगाचं काही वाकडं नव्हतं. तो कुणाच्या अंगावर आहे, त्याचं होतं.

रात्री मिलिंदला फोन केला. वाटलं, भडकेल. तो थकलेल्या आवाजात म्हणाला, "काढून घे ना ते फोटो एकदाचे. काय बिघडतं? मला नाही राहवत आता असं." त्याचा राग आला, आणि रागापेक्षा जास्त कीव आली. राहवत मलाही नव्हतं. सुट्टीच्या दिवशी गेले मीना बाजारात.

लाल शालू. अंगावर घेतला तसा नाकात दुसऱ्या बाईचा घाम आणि अत्तर शिरलं. कपाळावर मुंडावळ्या बांधल्या. हातात प्लास्टिकच्या फुलांचा हार दिला. मागे होमाचा पडदा, त्यावर रंगवलेला जाळ.

"यल्ला सिस्टर, हार आगे पकडो," फोटोग्राफर म्हणाला. "सामने हजबंड है, ऐसा सोचो. थोडा शरमाओ."

मी हार पुढे धरला. समोर कुणी नव्हतं. नुसती भिंत.

आणि त्या वासानं मला आजी आठवली. आजीचं लग्न पाटलिणीच्या उतरलेल्या साडीत झालं होतं. ती ते सांगायची तेव्हा हसायची, आणि मला तिचं हसू सहन व्हायचं नाही. कोऱ्या कापडात लग्न झालेली आमच्या घरातली पहिली बाई माझी आई. ते कापड पांढरं होतं. कुणी दिलेलं नाही, कुणी उतरवलेलं नाही. माझीही साडी तशीच, कोरी, पांढरी. आणि तीन पिढ्यांनी, दुबईत येऊन, स्वतःच्या पायाने चालत जाऊन मी पुन्हा उतरलेलीच साडी नेसून उभी होते. वर लाजायचंही होतं!

मुंडावळ्या ओढून काढल्या.

"भैया, खलास. फोटो नहीं निकालना."

"मॅडमने भेजा है ना? प्रॉब्लम क्या है?"

"प्रॉब्लम ये है, कि मेरी शादी हो चुकी है."

बाहेर येऊन खाडीकाठी उभी राहिले आणि मिलिंदला सगळं सांगितलं. रिकाम्या भिंतीसमोरचा हारही सांगितला. तो म्हणाला, "आपलाच अल्बम ने."

नेला. अबुधाबीत काचेपलीकडे एक मध्यमवयीन बाई होती. उद्धट नव्हती. तिने फोटो उलटसुलट पाहिले आणि इंग्रजीत विचारलं, "लाल साडी नाही? अग्नी नाही?"

"नाही. आम्ही बौद्ध आहोत. आमच्यात नवरी पांढरं नेसते."

"का?"

का! मग मी आजीची साडी सांगितली. जात हा शब्द त्या काचेसमोर मोठ्याने उच्चारला. इतकी वर्षं इथे राहून तो मी रूममेटपाशीही काढला नव्हता. तिने सगळं टाइप केलं. चेहऱ्यावर काही कळत नव्हतं. "निर्णय ईमेलने कळवू," म्हणाली.

बाहेर पडले तेव्हा हलकं वगैरे काही वाटलं नाही. डोकं फणफणलं होतं. लाल शालूवालीला लग्न खरं ठरवायला आजीपर्यंत जावं लागत नाही. मला जावं लागतं. दरवेळी.

महिने झाले. ईमेल नाही. परवा मॅडमचा फोन आला. "माझं ऐकलं असतंस तर एव्हाना टोरंटोत असतीस."

"मॅडम, माझी फाइल परत द्या. पुढचं माझं मी बघेन."

"रिजेक्ट झालं तर रडत येशील."

फोन मीच ठेवला.

रिजेक्ट होईल कदाचित. मग पुन्हा अर्ज करू. पुन्हा बोलावतील, पुन्हा जाईन. तोच अल्बम, तेच फोटो, निळ्या कोटासकट. माझं लग्न एकदा झालंय. कुणाला पटावं म्हणून ते मी दुसऱ्यांदा लावणार नाही.