निरोपाचे साठ कोलाचे

आमच्या गावातून कुणी कायमचं निघालं, की चर्चच्या तळघरात निरोपाचं जेवण होतं. घराघरातून एकेक भांडं येतं आणि शाळेच्या स्वयंपाकघरातली लॉर्ना द्वोराक आलुबुखाराचं सारण भरून कोलाचे, म्हणजे छोटे गोड पाव, भाजते.

एकोणीस वर्षांपूर्वी पोहणं शिकवणारे सर अचानक राजीनामा देऊन निघाले, तेव्हाही तिने साठ भाजले. आदल्या दिवशी तिची भाची टेसा, वय वर्षं बारा, ओट्यापाशी येऊन म्हणाली होती, "आत्या, त्यांच्यासाठी नको ना करूस." आवडते सर जातायत म्हणून पोर रुसली, असं लॉर्नाला वाटलं. शाळेने शिफारसपत्र दिलं, गावाने टाळ्या वाजवल्या. तो माणूस पुढच्या गावच्या पोहण्याच्या तलावावर रुजू झाला. तिथेही मुली होत्याच.

टेसा बोलली ती एकतिसाव्या वर्षी. तक्रारीची मुदत संपली होती.

यंदा आमच्या नेब्रास्का राज्याच्या विधिमंडळात विधेयक आलं: मुलांवरच्या अशा अत्याचारांना तक्रारीची मुदत नको, आणि माहीत असून शिफारस देणाऱ्यालाही शिक्षा. टेसाची मुदत त्याने परत येणार नव्हती. तरी विधेयकावर सुनावणी घेणाऱ्या समितीपुढे लॉर्ना बोलायला निघाली. तिची जाऊ मार्लिस म्हणाली, "तिथे काय कोलाच्यांची कृती सांगणारेस?"

"हो," लॉर्ना म्हणाली. "तीच."

राजधानी लिंकनपर्यंत टेसाने गाडी चालवली.

लॉर्नाच्या आधी एक वकील विरोधात बोलले. इतक्या वर्षांनी कुणाला काय नीट आठवणार, असा त्यांचा मुद्दा होता. मग लॉर्नाला तीन मिनिटं मिळाली. कागद तिने उघडलाच नाही.

"मला आठवतं," ती म्हणाली. "साठ केले होते. एक उरला. तो दुसऱ्या दिवशी मी टेसाच्या डब्यात घातला. तिने तो तसाच परत आणला, आणि मी तिला अन्न टाकू नये म्हणून रागावले."

वेळ संपल्याचा टेबलावरचा दिवा लाल झाला. ती उठली. अध्यक्षबाईंनी पुढचं नाव पुकारलं.

विधेयक वसंतात मंजूर झालं.

गेल्या महिन्यात शाळेतून लॉर्नाला फोन आला. संगीताचे सर चाललेत, शनिवारी कोलाचे हवेत.

"का चाललेत?"

आईची तब्येत बरी नसते, असं उत्तर आलं.

"मुलांना विचारलंत?"

पलीकडून पुन्हा शनिवारची आठवण करून दिली.

"विचारा," लॉर्ना म्हणाली. "मग मी पीठ भिजवते."