आमी पातं आडवलं, त्याची गोष्ट

आमच्या वस्तीच्या डोक्यावर पवनचक्क्या फिरत्यात, आनि खाली माझी सासू रॉकेलच्या चिमनीच्या उजेडात भाकरी थापती. ह्यात हसन्यासारखं काय न्हाई. हसन्यासारखं फुडं हाय.

माझं म्हायार सांगलीजवळ, माधवनगरला. तिथं लाईट गेली की लोक रस्त्यावर येऊन इच्यारत्यात, "काय झालं?" लगीन होऊन हितं सातारच्या पठारावर आले, तर हितं लाईट आली की लोक रस्त्यावर येऊन इच्यारत्यात, "काय झालं?"

वारा आमचा, डोंगर आमचा, लाईट मातूर खालच्या शहराला! म्हनून आमच्या बचत गटाच्या अध्यक्ष शेवंताकाकूनं बाया गोळा केल्या.

"नव्या पवनचक्कीचं पातं आज वर येनार हाय. आडवायचं! लाईट दिल्याबिगर सोडायचं न्हाई!"

मी म्हनलं, "काकू, मंगलवन्सं बाळतपनाला आल्यात. दिस भरल्यात. ननंद अशी घरात आसताना मी कशी येऊ?"

"पहिलटकरीन हाय ती. टाईम लागतो. चल!"

(मी आठवी नापास. कुनी मोठ्यानं "चल" म्हनलं की मी चालायला लागते. लगीन बी असंच झालं.)

तर वस्तीच्या खालच्या वळनावर आमी बसलो. कडंवर माझी पोरगी. आनि आलं की वो ते पातं! मला वाटल्यालं, पातं म्हंजी इळ्याचं आसतं तसं, जरा मोठं. हे तर देवळापास्नं शाळंपतूर! गाडीचं तोंड आमच्या नाकाफुडं आलं, तरी शेपूट आजून मागच्या वळनावरच. मी हळूच उठाय लागले.

"बस!" काकू वरडली.

बसले.

गाडी थांबली. कंपनीचा साहेब उतरला. "ताई, उठा. मी आत्ता फोन करतो, लाईट सोडायला सांगतो."

"आदी लाईट, मग पातं!" काकू म्हनली. आमी बी वरडलो, "आदी लाईट, मग पातं!"

साहेब रेंज हुडकत खालच्या अंगाला गेला. (रेंज बी आमच्याकडं लाईटीसारखीच.)

तेवढ्यात वस्तीकडनं जीपचा हॉर्न! खिडकीतनं आर्धी भाईर आल्याली माझी सासू!

"सुरेखेऽ! मंगलला कळा सुरू झाल्यात! व्हा बाजूला!"

आमी टुनकन उठलो. पर गाडी कशी उठंल? रस्ता एकच. एका अंगाला डोंगर, एका अंगाला दरी, आनि मधी पातं.

"भाऊ, गाडी मागं घ्या!" मी डायवरला म्हनलं.

"बहनजी, ये पीछे नहीं जाती. पंखा है, साइकिल नहीं."

"मग फुडं घ्या! वर देवळाफुडं जागा हाय, जीप मागं सरकून तिथं पास हुईल!"

"आगे आप बैठे थे!"

"आता उठलोय की!"

"अब ऊपर तार है."

वर बघितलं. खरंच, लाईटीच्या तारा रस्त्यावर झोळीवानी लोंबत हुत्या. तारा उचलनारी कंपनीची मानसं आमचा मोर्चा बघून कवाच पळाल्याली. जीपमधनं मंगलवन्संची किंकाळी आली.

"आगं, माझी लेक मरंल हितं!" सासू वरडली. "कुनी सांगितलं हुतं रस्ता आडवायला?"

सगळ्या बायांनी काकूकडं बघितलं. काकूनं माझ्याकडं बघितलं. (मी जवळ हुते म्हनून.)

"लाईट तर न्हाईच," काकू म्हनली, "भ्यायचं काय? घ्या काठ्या, उचला तारा!"

गाडीवर रबर बांधलेल्या लांब काठ्या हुत्याच. "सुरेखे, पोरगी दे माझ्याकडं. तू काठी घे." (उगंच न्हाई मानूस अध्यक्ष होत!)

म्हंजी बघा, ज्या बाया पातं आडवायला बसल्या, त्याच आता त्याला वाट करून द्याय लागल्या. "हळू... हळू... डावीकडं घे रं बाबा!" पातं डोक्यावरनं सराय लागलं. आर्धं पातं तारंखालनं गेलं...

आनि वस्तीत पिठाची गिरन धडधडली!

"आली रं आलीऽऽ!" पोरं वरडली. सवयीनं आमी बी वरडलो, "आलीऽऽ!" मी तर टाळी वाजवायला एक हात सोडलाच हुता. मग कळलं, आपुन काय धरलंय.

झटदिशी दुसरा हात परत काठीला लावला.

साहेब फोन नाचवत पळत आला. "सोडली बघा लाईट! झाली ना मागणी पूर्ण?"

"बंद करा!" काकू किंचाळली.

"अहो, तुम्हीच तर..."

"बंद करा म्हनते न्हवं! आदी पातं, मग लाईट!"

साहेबानं फोन लावला. रेंज गेल्याली.

"छोड़ना मत!" डायवर वरडला. मी डोळं मिटलं. मनात म्हनलं, देवा, माझी पोरगी ल्हान हाय, मालक फौजेत हाईत, त्यांना काय सांगतील? बॉर्डरवर तुमाला काय झालं न्हाई, घरी बायकू तारंला चिकटली? डोक्यावरनं पातं गेलं. मग जीप गेली. वन्संची किंकाळी, सासूच्या शिव्या, समदं घाट उतरत लांब गेलं. मी काय डोळं उघडलं न्हाईत. तार निसटली तर? काठी घट्ट धरली. खांदं बधिर झालं. मग एवढं शांत झालं की मला वाटलं, मी मेलेच.

"सुरेखे, हितं काय करतीस गं?"

काकूचा आवाज. म्हंजी जिती हुते.

"तार धरलीया!"

"आगं, पातं वर जाऊन लागलं बी. मंगल दवाखान्यात पोचली, फोन आला. डाक्टर म्हनला, येळंवर आनली. सगळ्या बाया च्या प्याय गेल्या, तू कुठं ऱ्हायलीस म्हनून हुडकतीया."

"पर सोडू कशी? तारंत लाईट हाय!"

"लाईट?" काकू हसत खालीच बसली. "ती तर मंगलची जीप घाटाला लागली तवाच परत गेली!"

मी डोळं उघडलं. रस्त्यावर कुनी न्हाई, गिरन गप्प. (सांजच्याला वन्संला लेक झाली, दोगी खुशाल.) काठी खाली घेतली, तर हात काय खाली येईनात. तसंच वर करून घरी गेले. काय बी म्हना, आमच्या वस्तीत लाईटीला एवढा येळ आजपतूर कुनी धरून ठिवलं नव्हतं, आनि जिनं धरून ठिवलं, तिला ती गेल्याली बी कळली न्हाई!