सव्वादोनचा हात

चाचांच्या टेबलासमोरच्या भिंतीवर ताटाएवढं घड्याळ होतं आणि तरीही चाचा दिसेल त्याला वेळ विचारत. "किती वाजले?" म्हणायचं, समोरच्यानं हात वर केला की मान वाकडी करून त्याच्या मनगटाकडे बघायचं आणि वेळ ऐकायच्या आत पुढे निघायचं. बहरीनला, मनामातल्या त्या ऑफिसात मी रुजू झाले, त्या पहिल्याच सकाळी त्यांनी मला दोन-तीनदा वेळ विचारली. शेवटी मी म्हटलं, "चाचा, समोर भिंतीवर आहे की." तर शांतपणे म्हणाले, "ते कंपनीचं हाय, बाय. त्याचा काय भरवसा?"

चाचा म्हणजे आमच्या कंपनीचे मंदूब. व्हिसा, रेसिडेन्सी, गाडीचं लायसन्स, जिथे म्हणून सरकारी शिक्का लागतो तिथे रांगेत उभा राहणारा माणूस. मूळचे रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या एका गावातले. मिसरूड फुटायच्या वयात आखातात आले आणि रांगांमध्येच म्हातारे झाले. अरबी इतकी सफाईदार की खिडकीपलीकडचा माणूस आधी कागद घ्यायचा आणि मग चेहरा बघून चकित व्हायचा. मराठी मात्र गावाहून निघताना जशी आणली होती तशीच राहिली होती.

मी मूळची कऱ्हाडची. परक्या पुरुषानं हाताकडे टक लावून बघितलेलं आमच्याकडे खपत नाही. घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं, तर तो पोट धरून हसला. "तुझ्या हातात बघण्यासारखं आहे काय? दोन काड्या." यात खोटं काहीच नव्हतं. माझी मनगटं लहानपणापासून अशीच. कुठल्याही घड्याळाच्या पट्ट्याला दाभणानं जादा भोक पाडल्याशिवाय ते मला कधी बसलं नाही. सासूबाईंनी तर मुलगी बघायला आल्या तेव्हाच माझ्या आईला विचारलं होतं, "हिला जेवायला घालता ना?"

नवरा रिफायनरीत शिफ्टला. तो घरी असायचा तेव्हा झोपलेला असायचा आणि जागा असायचा तेव्हा घरी नसायचा. नईम वस्तीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये दिवसभर एसीची घरघर आणि मी. शेजारच्या पाकिस्तानी बाईशी जिन्यात हसण्यापलीकडे बोलणं नाही. दुपारी खिडकीशी उभं राहावं तर बाहेर पांढरं ऊन, एक मांजर, बाकी कुणी नाही. कधीकधी मी मुद्दाम मोठ्यानं बोलून बघायची, आपला आवाज अजून आहे ना म्हणून. त्याला कंटाळून तर नोकरी धरली होती. त्यामुळे वेळ विचारणारा का होईना, मराठीतून विचारणारा माणूस मिळाला, याचं मला हळूहळू बरं वाटायला लागलं.

चाचांची घड्याळांवरची मतं ठाम होती. आखातात आलेला माणूस पहिली संधी मिळताच मोठं, चकचकीत घड्याळ घेतो, कारण गावी उतरल्यावर लोक आधी तेच बघतात. आमचे मॅनेजर रिफाच्या श्रीमंत वस्तीत राहत, लांबलचक गाडीतून येत आणि त्यांच्या बारीकशा मनगटावर वाटीएवढं सोनेरी घड्याळ असे. ते केबिनमध्ये गेले की चाचा माझ्याकडे वळत. घड्याळाला पट्टा जिथे जोडतात, त्या चार टोकांना ते शिंगं म्हणत. "शिंगं मनगटाच्या भायेर गेली. ते घड्याळ नाय, खेकडा हाय." किंवा, "घड्याळ मनगटावर बसलं पायजे, घसरलं नाय पायजे. खळखळ वाजायला काय ती बांगडी हाय?" एवढं सगळं बोलायचं आणि स्वतःचं मनगट मात्र रिकामं. घड्याळ का घालत नाही म्हणून विचारलं तर, "माजं गावी हाय," एवढंच उत्तर.

एका दुपारी ते माझ्या टेबलापाशी येऊन घुटमळले आणि म्हणाले, "बाय, जरा हात देतेस?" फायलींची पेटी उचलायची असेल म्हणून मी ओढणी खोचून उठलेच. तर चाचा लाजून लालेलाल. "तसा नव्हे. हात म्हणजे मनगट." मग खुर्ची ओढून बसले आणि कधी नव्हे ते भडाभडा बोलले.

त्यांची एकुलती एक मुलगी नसीमा. सात वर्षांची असताना एकदा तिनं चाचांचं घड्याळ हातात घातलं, ते थेट कोपरापर्यंत गेलं. म्हणाली, "अब्बा, हे माझ्या हाताचं नाय." चाचांनी ते तिच्याकडेच ठेवलं आणि कबूल केलं की तुझ्या हाताचं आणीन. पुढच्या सुट्टीला आणलं, तर ते घट्ट. दोन वर्षांत पोर वाढली होती. त्यापुढच्या वेळी शहाणपण करून मोठं नेलं, तर तिनं खाली रुमाल गुंडाळून घातलं. सुट्टी दोन वर्षांनी एकदा, मग तिसऱ्यांदाही तेच. "मी डोक्यात घेऊन येतो तो हात नेहमी दोन वर्षं जुना असतो, बाय," चाचा म्हणाले, आणि आपल्याच रिकाम्या मनगटावरून अंगठा फिरवत राहिले.

आता नसीमाचं लग्न ठरलं होतं. निकाहला बापाकडून एक खरं घड्याळ द्यायचं, पेटीत ठेवायचं नाही, जन्मभर घालायचं असं, आणि ते हाताला बरोब्बर बसलं पाहिजे, हा चाचांचा हट्ट. वर्षानुवर्षं बाजूला टाकलेलं सगळं त्यात जाणार होतं. मुलीला कळू द्यायचं नव्हतं, म्हणून शेजाऱ्यांच्या फोनवर बायकोला बोलावून माप विचारलं. तिला घड्याळाचं माप काय ठाऊक? ती म्हणाली, "बांगडी सव्वादोनची लागते तिला. एवढं पुरे नाय?" तेवढ्यावर चाचा बहरीनभर सव्वादोनचा हात शोधत फिरत होते. रांगेत, बँकेत, दवाखान्यात वेळ विचारण्याचं नाटक त्यासाठी होतं. "तुजी बांगडी कितीची?" त्यांनी भीत भीत विचारलं.

"सव्वादोन," मी म्हटलं.

चाचांचा चेहरा असा उजळला की मला तिथल्या तिथे उगाच रडू आलं. सव्वादोन म्हणजे सव्वादोन. दोघींची बांगडी एक, म्हणजे दोघींचं मनगट एक, याबद्दल त्यांना शंका नव्हती आणि मलाही नव्हती.

मग गुरुवारच्या अर्ध्या सुट्टीत आम्ही दुकानं हिंडू लागलो. बाब अल बहरीन या बाजाराच्या वेशीच्या आसपासची एकूण एक दुकानं, आणि शेवटी काचेच्या दाराचं ते मोठं शोरूम, जिथे आत शिरताना मी चप्पल पुसली होती. तिथला सेल्समन मंगळूरचा, टायवाला. त्यानं मखमलीच्या तबकात तीन आकार मांडले. सर्वांत लहान घातलं तर ते दागिन्यासारखं दिसे, आकडे वाचायला डोळे बारीक करावे लागत. सर्वांत मोठ्याची शिंगं माझ्या मनगटाच्या दोन्ही कडांवरून खाली डोकावत. सेल्समनचा जोर त्याच्यावरच. "चाचा, बडा लीजिए. फॅशन है. दूर से दिखता है."

"दुरून दिसायला काय दीपगृह हाय?" चाचा माझ्याकडे बघत मराठीत म्हणाले.

त्यांनी मधलं उचललं. माझ्या हातावर चढवलं. मग मला हात खाली सोडायला लावला, मूठ वळवायला लावली, मनगट मागे दुमडायला लावलं, घड्याळाचं बटण हाताच्या पाठीत रुततं का ते विचारलं. स्वतः चार पावलं मागे गेले आणि तिथून बघितलं. शिंगं मनगटाच्या आत होती. "पोळ्या लाटायच्या हायेत असं समज," म्हणाले. मी त्या मखमलीवर खोट्या पोळ्या लाटल्या. पलीकडे एक गोरी बाई हातातली पर्स विसरून बघत राहिली.

सेल्समन हसून म्हणाला, "आपकी बेटी?"

"हां," चाचा म्हणाले.

बाहेर आल्यावर आधी मला रस्ता ओलांडून दिला. मग म्हणाले, "माफ कर, बाय. त्याला समजावत बसायचा कंटाळा आला." मी म्हटलं, "मला चाललं." चाललं कसलं, मला ते फार आवडलं होतं. त्या अख्ख्या देशात मला कुणाची तरी मुलगी म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं.

घड्याळ घेतलं त्या दिवशी साखळी माझ्या हाताच्या मापानं कमी करून घेतली. सेल्समन सांगत होता की कड्या राहू द्या, तिथे गेल्यावर काढा. चाचांनी ऐकलं नाही. पेटी उघडल्या उघडल्या तिच्या हाताला बसलं पाहिजे, तिथे घड्याळजीची वाट बघायची नाही. काढलेल्या कड्या सेल्समननं छोट्या प्लॅस्टिकच्या पुडीत घालून दिल्या. चाचांनी ती पुडी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये टाकली. "आता कशाला लागतात? हात काय वाढणार हाय?"

सुट्टीहून परत आले ते रत्नागिरीच्या आंबापोळीचा पुडा घेऊन. मी धावतच गेले. "चाचा, बसलं?"

"बरोब्बर," चाचा म्हणाले. "तुला बसलं तसंच."

ऑफिसात मी सगळ्यांना सांगत सुटले, जणू माझ्याच माहेरी लग्न झालं होतं. त्यानंतर चाचांनी कुणालाही वेळ विचारली नाही. मला वाटलं, काम झालं, मन भरलं. पण ते बोलेनासेही झाले. खेकड्यांची थट्टा बंद झाली. दुपारचा डबा भिंतीकडे तोंड करून खायचे. शर्टाच्या खिशात कसलीशी पुडी असायची, बोलता बोलता तिच्यावर हात जायचा. एकदा विचारलं तर म्हणाले, "काय नाय बाय, गॅसचं औषध." मुलगी सासरी गेली की बाप असा होत असेल, असं मी आपलं धरून चालले.

पुढच्या खेपेला गेले ते कायमचेच. निरोपाला मॅनेजरांनी चार शब्द बोलून हातात एक पाकीट ठेवलं. चाचा सगळ्यांचे हात हातात घेत, बहरिनी पद्धतीनं छातीला हात लावत पुढे सरकत होते. माझ्यापाशी आले आणि माझं मनगट धरलं. "हात सांभाळ, बाय," म्हणाले. गुरुवारच्या दुपारी नंतर मला खायला उठायच्या. त्या दुकानांवरून एकटीनं जायचं धाडस झालं नाही, मी मागच्या गल्लीतून घरी जायची.

चाचा वारल्याचं तीनेक वर्षांनी ऑफिसात कुणीतरी सांगितलं, सहज, चहा पिता पिता. आम्ही बहरीन सोडून भारतात परतलो तेव्हा मी एकटी त्यांच्या गावाला गेले. नसीमा माहेरी आली होती; माझ्या हाताची, वेळ विचारत फिरण्याची सगळी हकीकत चाचांनी तिला सांगितलेली होती. तिनं चहा आणला आणि माझं लक्ष आधी तिच्या मनगटाकडे गेलं. तेच घड्याळ. पण हात माझ्यासारखा नव्हता. भरलेला, गोल, चांगला घरंदाज हात.

"बरोबर बसलंय," मी म्हटलं.

"आता बसतंय," नसीमा म्हणाली.

निकाहच्या सकाळी सगळ्या बायकांसमोर अब्बांनी पेटी दिली, तेव्हा घड्याळाचा खटका लागेना. चांगली बोटभर फट राहिली. तिचे तळवे मऊ, दाबले की सव्वादोनची बांगडी सहज चढे, मनगट मात्र भरदार. बांगडी माप सांगते ते हात कुठून आत जातो त्याचं. घड्याळाला हवं ते बांगडी चढल्यावर मागे उरतं त्या मनगटाचं. आयुष्यभर बांगड्या घालून मला हे त्या दिवशी कळलं. नसीमानं आतल्या खोलीत जाऊन काळ्या दोऱ्यानं ती फट बांधली, वर बांगड्या ओढल्या आणि दिवसभर हात पोटाशी धरून बसली. लोक म्हणाले, पोरगी किती लाजते. अब्बांनी विचारलं, "बसलं?" ती म्हणाली, "बरोब्बर."

"मग कायमचे आले," ती सांगत होती, "तर बॅग उघडायच्या आधी खिशातून एक पुडी काढून माझ्या हातात ठेवली. म्हणाले, घड्याळजीकडे जाऊन ये. कड्या होत्या. मी विचारलं, कधी कळलं तुम्हाला? म्हणाले, त्याच दिवशी, दोरा दिसला. मग पाठवल्या का नाहीत, तर म्हणाले, तू बरोब्बर म्हणालीस, मग मी काय बोलणार?"

गॅसचं औषध.

मी निघाले तेव्हा नसीमा फाटकापर्यंत आली. स्वतःच्या मनगटावर एवढं मोलाचं घड्याळ असताना तिनं मला विचारलं, "किती वाजले?" मी हात वर केला. तिनं वेळ बघितली नाही. अंगठा आणि मधल्या बोटानं माझ्या मनगटाला वेढा घातला, बोटं एकमेकांवर चढली.

"माझ्याबरोबर ते कधी दुकानात आले नाहीत," ती म्हणाली. "पण हा हात मी एक अख्खा दिवस घातला होता."

एसटीची वेळ होत आली होती. मी हात सोडवून घेतला नाही.